इंदूरमध्ये पोरांना रमवणारं जेवणाचं ठिकाण सांगा (मोबाईल सोडून)

मीनूचीआई

नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझी नणंद पुण्याहून येतेय, तिची दोन पोरं सोबत, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा साडेतीनचा, आमची मीनू पाचची, शिवाय सासू-सासरे, जाऊबाई, त्यांची कॉलेजातली लेक असे मिळून अकरा जण. एक दिवस सगळ्यांनी बाहेर जेवायचं ठरलंय आणि जागा शोधायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

मागच्या वेळचं सांगते म्हणजे प्रॉब्लेम कळेल. ऑर्डर दिल्यावर भाजी यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात धाकट्यानं बडीशेपेची वाटी पालथी केली, मीनू टेबलाखाली शिरून सगळ्यांच्या चपला गोळा करून दुकान मांडून बसली (शेजारच्या टेबलावरच्या एका काकूंची पण एक चप्पल होती त्यात), आणि सासऱ्यांना कल्ला सहन होत नाही म्हणून ते उठून गाडीत जाऊन बसले. जेवण आलं तोवर पोरांची भूक पापडावर मेलेली. शेवटी तिघांच्या हातात तीन मोबाईल दिले आणि आम्ही गार नान खाल्ले.

तर असं ठिकाण हवंय जिथे पोरांना बघायला-खेळायला काहीतरी असेल आणि मोठ्यांना दोन घास सुखाने खाता येतील. व्हेजच हवं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसणं शक्य नाही. धाकट्याला तिखट अजिबात चालत नाही. आणि कानठळ्या बसवणारा डीजे नको प्लीज.

भिया_छप्पनवाला

ताई, चार्जर घेऊन जा आणि मोबाईल द्या. सगळ्यांची शांती 😄

मीनूचीआई

दादा टायटल वाचलंत का?

सुदामानगरकर

ताई, तुम्ही नखराली ढाणीला गेला आहात का? राऊकडे, एबी रोडवर. जुन्या इंदूरकरांना नवीन नाही पण पुण्याच्या पाहुण्यांना नक्की आवडेल. राजस्थानी गावासारखं सजवलंय, आत जायचं तिकीट असतं आणि त्यातच जेवण धरलेलं असतं, संध्याकाळी गेलं की उंट, लोकनृत्य, जादूचे खेळ, कठपुतळ्या असं सगळं एका आवारात. दर बदलत असतात आणि लहान मुलांचं तिकीट वेगळं असतं, तेव्हा आधी फोन करून विचारा, आणि त्याच फोनवर टेबल-खुर्चीवर बसून जेवायची सोय आहे ना तेही विचारून घ्या, आजींचा प्रश्न मिटेल.

आता मुख्य गोष्ट, जी आम्ही तीनदा जाऊन शिकलो. क्रम महत्त्वाचा. साडेसहाच्या आसपास पोचा. आधी पोरांना उंटावर बसवून आणा (जेवल्यावर नको, उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, पोर पुढे झुकतं, पोटात दाल-बाटी असेल तर काय होईल ते मी सांगायला नको). मग कठपुतळी. मग जेवण. नाच जेवल्यावर बघा. जेवायच्या मध्येच खेळ सुरू असला तर पोरं जेवतच नाहीत, उठून पळतात, आई ताट घेऊन मागे.

कठपुतळीबद्दल एक सांगतो. तो जो चीं चीं आवाज येतो ना बाहुलीचा, तो माणूस तोंडात एक छोटी शिट्टी धरून काढतो, बांबू आणि चामड्याची असते, तिला बोली म्हणतात. ढोलकवाली बाई त्या चीं चीं चा अर्थ लोकांना सांगत राहते. माझ्या पोरानं खेळ संपल्यावर त्या काकांकडे हट्टच धरला की तोंड उघडून दाखवा. त्यांनी खरंच जिभेवर शिट्टी ठेवून दाखवली आणि बाहुलीच्या आवाजात त्याचं नाव घेतलं. पोरगा आठवडाभर घरी चिंचोके तोंडात धरून तसंच बोलायचा प्रयत्न करत होता, आमचा जीव टांगणीला.

उघड्यावर असतं सगळं, डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते इंदूरला, कानटोप्या विसरू नका. पुणेवाले स्वेटर आणत नाहीत आणि मग आपल्या शाली घेऊन जातात परत.

अथर्वकीमम्मी

सुदामानगरकर दादांचा क्रम अगदी बरोबर आहे. मी उलटा अनुभव सांगते म्हणजे लोक शहाणे होतील. एका हॉटेलात (नाव सांगत नाही) आत मोठा प्ले एरिया आहे म्हणून हौसेने गेलो. आत शिरायला मोजे कम्पल्सरी, आमचा पठ्ठ्या सँडलमध्ये, झालं, तिथेच मोजे विकत घ्या. मग कळलं की प्ले एरियाचे तासाचे पैसे वेगळे आणि सोबत आत बसणाऱ्या मोठ्या माणसाचे पण वेगळे. म्हणजे मी पैसे देऊन त्या रंगीत बॉलच्या हौदाशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले आणि नवरा काचेच्या पलीकडे एकटा सूप पितोय, अधूनमधून मला हात करतोय. जेवण आल्यावर अथर्व बाहेर यायला तयार नाही, ओढून काढला तर एक मोजा आत राहिला, त्यासाठी पुन्हा रडारड. मोठ्यांना निवांत जेवता यावं म्हणून गेलो होतो आणि त्या रात्री मी घरी येऊन पोहे केले.

तेव्हा प्ले एरिया असेल तर चार गोष्टी आधी विचारा, पैसे वेगळे आहेत का, सोबत माणूस लागतो का, टेबलावरून पोरं दिसतात का, आणि साडेतीनच्या पोराला दहा-बारा वर्षांची धांगडधिंगा करणारी मुलं तुडवणार नाहीत ना. बॅगेत मोज्यांचे जोड ठेवाच.

सॅनहोजेरिटर्न

वरचे वाचून हसू आलं कारण या सगळ्या प्रकाराची सुरुवात जिथे झाली त्या गावात मी नोकरीनिमित्त राहिलोय. जेवण अधिक खेळ हा धंदा अमेरिकेत मोठा केला तो चक ई चीज या साखळीने, पहिलं दुकान 1977 साली कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे. काढणारा माणूस नोलन बुशनेल, म्हणजे व्हिडिओ गेमवाल्या अटारीचा एक संस्थापक. पिझ्झाच का, तर पिझ्झा भाजायला वेळ लागतोच, लोक थांबणारच आहेत, मग त्या वेळात पोरांनी मशीनमध्ये नाणी घालून गेम खेळावेत, असा हिशोब. स्टेजवर यंत्राचे बोलणारे, गाणारे प्राणी ठेवलेले आणि मुख्य पात्र चक्क उंदीर. आपल्याकडे हॉटेलात उंदीर दिसला तर लोक बिल न देता उठतील, त्यानं उंदराच्या नावावर हॉटेल चालवलं.

मजेचा भाग सोडा, पण त्याचा मुद्दा पक्का होता. पोराचं जेवताना बिनसत नाही, बिनसतं ते ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंत. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं सांभाळली की झालं. किंवा सरळ ती मिनिटंच काढून टाका, म्हणजे थाळीवालं हॉटेल गाठा. बसल्या बसल्या ताट मांडतात, एक जण फुलका घेऊन येतो, मागून एक कढीवाला, एक तुपाची वाटी घेऊन, ती मिरवणूक पोरं बघत बसतात आणि जेवण आधीच पानात असतं. आमची लेक प्रत्येक वाढप्याला "अजून एकच" म्हणून बोट दाखवायची, त्यातच तिचे दोन फुलके संपायचे. गरमागरम दाल-बाफल्याचं (बाफला म्हणजे आधी उकडून मग भाजलेली बाटी) जेवण असेल तर बाफला कुस्करून त्यावर तूप ओतण्याचं काम पोरांकडे द्या, हात भरतात पण दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही.

आणखी एक, साडेतीन वर्षांचा आहे म्हणता तर ते कार्टूनचा पोशाख घालून फिरणारे लोक असतील तिथे जपून. एका वाढदिवसाला भलंमोठं अस्वल हात मिळवायला आलं तेव्हा माझा भाचा माझ्या शर्टात शिरला होता, आणि नंतर सहा महिने ढेरपोट्या माणसांना पण घाबरायचा.

भिया_छप्पनवाला

सॅनहोजे दादा, माझी पण ढेरी आहे, भाच्याला सांभाळा

टिळकनगरचे_आजोबा

अरे बाळांनो, मी सगळं वाचतोय पण एकानेही सराफ्याचं नाव काढू नये याचं नवल वाटलं. दिवसा सोन्या-चांदीची पेढी आणि रात्री आठ-साडेआठनंतर त्याच ओट्यांवर कढया, असा बाजार पोरांना दुसरीकडे कुठे दाखवणार? तिकीट नाही, तासाचे पैसे नाहीत, मोजे तर नाहीतच नाहीत.

मी माझ्या नातवाला नेलं होतं, सहा वर्षांचा, बेंगळुरूचा, घरात घास भरवायला सुद्धा कार्टून लागायचं. जोशींच्या दहीवड्यासमोर उभा केला. वडा द्रोणात, त्यावर घट्ट दही, आणि तो द्रोण सरळ वर भिरकावला. वर म्हणजे चांगला आपल्या डोक्याच्या वर. खाली आला, हातावर झेलला, दह्याचा थेंब सांडला नाही. पोरगा आ वासून. मग बोटांच्या एकाच चिमटीत सगळे मसाले घेतले, आणि एकेक वेगळा सोडला, आधी मीठ, मग जिरं, मग मिरची, प्रत्येकाचं नाव घेत. एकाच चिमटीतून वेगवेगळे रंग कसे पडतात हे त्याला काही केल्या कळेना, तिथेच उभा राहून "परत करा" म्हणाला. आणि दहीवडा खाल्ला की हो त्याने, मुकाट्याने, मोबाईलविना. सून म्हणाली, बाबा, हा दही खातो हेच मला माहीत नव्हतं.

पुढे जलेबा, म्हणजे जिलेबीच पण ताटाएवढी, तळणारा माणूस कढईत धार सोडतो तेव्हा लांबूनच दाखवा, तेल उडतं. गराडू, म्हणजे तळलेला कंद, थंडीतच मिळतं, तुम्ही डिसेंबरात येताय म्हणजे नशीबवान आहात, पण त्यावर जिरावन मसाला कमी टाकायला सांगा धाकट्यासाठी. भुट्ट्याचा कीस मऊ असतो, तो लहान मुलं खातात.

मीनूचीआई

आजोबा, वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. पण सराफ्यात रात्री किती उशीर होतो हो, आणि केवढी गर्दी. साडेतीनच्या पोराला आणि सासूबाईंना तिथे कसं न्यायचं?

अथर्वकीमम्मी

हो ना, आजोबांचं सगळं खरं पण सराफ्यात बाबागाडी घेऊन जाण्याचा विचार सुद्धा करू नका, चाकाखाली कुणाचा तरी पाय येणार. वीकएंड टाळा, मधल्या वारी जा आणि दुकानं लागता लागता पोचा, नऊच्या आत बाहेर पडा, खरी गर्दी नंतर येते. पोरांना चार वाजता पोटभर झोपवा.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची म्हणून लिहिते, तो आग लावलेला पान आणि ते तोंडातून धूर काढणारं बिस्किट, पोरं बघितल्या बघितल्या हट्ट करतात. बघू द्या, खायला देऊ नका. धुराच्या पदार्थात लिक्विड नायट्रोजन असतं, उणे 196 अंशाला उकळतं ते, पूर्ण उडून गेलं नसताना पोटात गेलं तर आतून इजा होते. 2024 साली कर्नाटकात लहान मुलांना त्रास झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, तामिळनाडू आणि कर्नाटक सरकारने तेव्हा त्यावर आदेश पण काढले. धूर दिसतोय म्हणजे अजून उडतंय, एवढं साधं आहे ते.

टिळकनगरचे_आजोबा

हे बरं सांगितलंस पोरी. आमच्या वेळी पानात फक्त गुलकंद असायचा.

भिया_छप्पनवाला

आता मस्करी बाजूला, खरंच सांगतो. आजींना गर्दी नको, रात्र नको, तर छप्पन दुकान, म्हणजे खाण्याच्या दुकानांची रांग आहे ती, बघा ना ताई, माझं नाव काय उगाच आहे का. 2020 मध्ये छप्पन दिवसांत सगळं नव्याने केलं तेव्हापासून समोरचा रस्ता गाड्यांसाठी बंद आहे, फक्त चालायला. मध्ये बसायला जागा केलीये, आजींना एका जागी बसवा, दोन माणसं आळीपाळीने जाऊन आणत राहतील. पोरं मोकळी पळतात, गाडी येईल ही भीती नाही. आणि इथे वाट बघायला लागत नाही कारण प्रत्येक गोष्ट तुमच्या समोरच बनते, तव्यावर हॉट डॉग दाबला की चर्रर्र, हॉट डॉगचं नाव ऐकून पुणेवाले दचकतील पण व्हेजवाला पण मिळतो, सांगून घ्या फक्त. नंतर शिकंजी. पुण्याची मंडळी शिकंजी म्हणजे लिंबू सरबत समजतील, त्यांना सांगू नका आधी, दुधाची, घट्ट, सुकामेवा घातलेली हातात आली की चेहरा बघा.

एकच तोटा, अकरा जणांना एका टेबलाभोवती बसून गप्पा मारता येणार नाहीत. तशा गप्पा हव्या असतील तर सुदामानगरवाल्या भियांचं ऐका.

सॅनहोजेरिटर्न

आणि जिथे जाल तिथे एक थैली न्या. आमच्याकडे पायजम्याच्या कापडाची एक होती, "हॉटेलची थैली" म्हणायचो. खडू, कोरे कागद, चार लाकडी चिमटे, पत्त्यांचा जुना अपुरा जोड. नियम एकच, घरी उघडायची नाही. घरी उघडली की तिची जादू संपली. आणि बसल्या बसल्या मोठ्यांचा मेनू चर्चेला घ्यायच्या आधी पोरांचा दहीभात नाहीतर साधा फुलका सांगून टाका, तो येऊ दे, मग पनीर की कोफ्ता यावर काय भांडायचं ते भांडा.

मीनूचीआई

सगळ्यांचे खूप खूप आभार. घरात मतदान घेतलं, सासऱ्यांनी ढाणीला मत दिलं कारण त्यांना उंटावर बसायचंय म्हणे (वय 71). सासूबाई म्हणाल्या मी खुर्चीवर बसून बघीन. ठरलं. दुसऱ्या दिवशी फक्त मोठी पोरं आणि आम्ही दोघी सराफा, धाकटा घरी. जाऊन आल्यावर सांगते.

मीनूचीआई

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, पाहुणे परवाच गेले.

ढाणी मस्त झाली. क्रम पाळला, आधी उंट, मग कठपुतळी, मग जेवण. सासरे खरंच बसले उंटावर, उतरताना दोघांनी धरलं, खाली आल्यावर म्हणाले जमिनीपेक्षा वर बरं होतं. कठपुतळीच्या वेळी तिन्ही पोरं अगदी पुढे जाऊन बसली, मीनूनं सुदामानगरकर दादांची शिट्टीची गोष्ट आधीच ऐकली होती म्हणून ती पूर्ण वेळ बाहुलीऐवजी पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या त्या काकांचे गालच बघत होती. जेवताना कुणीही टेबलाखाली गेलं नाही. धाकटा दोन घास खाऊन माझ्या मांडीवर झोपला पण ते चालायचंच. शाली चार नेल्या होत्या, तीन परत आल्या, दादा तुम्ही बोललातच होतात.

सराफ्याला मंगळवारी गेलो, आठच्या सुमाराला. जोशींचा दहीवडा वर उडाला तेव्हा नणंदेची मुलगी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या दुकानातले लोक वळून बघायला लागले. दोन दहीवडे तिने एकटीने संपवले.

आणि आता नवीनच प्रॉब्लेम झालाय. काल नणंदेचा पुण्याहून फोन आला. मॅडम घरी दह्याची स्टीलची वाटी घेऊन प्रॅक्टिस करतायत, पहिल्या झटक्यात वाटी पंख्याला लागून छताला गेली, दही छतावर, वाटी धाकट्याच्या पुढ्यात, आणि धाकटा टाळ्या वाजवतोय "परत करा" म्हणून. भाड्याचं घर आहे. छताच्या रंगावरचा दह्याचा डाग कशाने जातो, कुणाला माहिती आहे का?

टिळकनगरचे_आजोबा

आधी तिला म्हणावं प्लॅस्टिकचा द्रोण वापर, आणि पाण्याने सुरुवात कर. जोशींनी काय पहिल्याच दिवशी दही घेतलं असेल?

भिया_छप्पनवाला

मी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं, मोबाईल द्या 😄